थेरपिस्ट, लाइफ कोच, समुपदेशक: मराठीत कोणाला काय म्हणायचं?

विजापूर वेस : सोलापुरात वाटायच्या घडीपत्रकाचं भाषांतर अडलंय. आशय असा: झोप, भूक, कामाची उमेद गेली असेल तर थेरपिस्टकडे जा; नोकरी बदलायची, दिवसाचं वेळापत्रक बसवायचं असेल तर लाइफ कोच चालेल. मी 'समुपदेशक' आणि 'जीवनप्रशिक्षक' लिहिलं. तपासणाऱ्याने दोन्ही खोडले. पर्याय सुचवा.

सात रस्ता : खोडले ते बरंच. 'समुपदेशक'मध्ये उपदेश ठाण मांडून बसलाय आणि मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सच्या पद्धतीत तर उपदेशच वर्ज्य. 'जीवनप्रशिक्षक' म्हणजे गळ्यात शिट्टी अडकवलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. नुसतं 'कोचिंग' लिहाल तर लोक नीटच्या क्लासची फी विचारतील.

पाच्छा पेठ : शिवाय मराठीत 'कोच' म्हणजे बसायचा कोचही. फ्रॉइडचे रुग्ण कोचावर पडून बोलायचे, म्हणजे कोच आधी थेरपीतच होता की ओ! शिकवणारा कोच वेगळा, तो हंगेरीतल्या कोच गावच्या घोडागाडीवरून आला. परीक्षेच्या पार नेणारा, म्हणून कोच.

जुळे सोलापूर : गाडी कुठली का असेना, माणूस योग्य दारात उतरला पाहिजे. 'मानसोपचारतज्ज्ञ' हा डॉक्टर, गोळ्या लिहून देतो. 'चिकित्सा मानसशास्त्रज्ञ' भारतीय पुनर्वास परिषदेत नोंदलेला असतो. गोळ्या देत नाही, चाचण्या आणि बोलून उपचार करतो. 'समुपदेशक' या पाटीमागे एम.ए. असेल, नाहीतर पंधरा दिवसांचं प्रमाणपत्र. लाइफ कोचला तर परवानाच लागत नाही. आंतरराष्ट्रीय कोचिंग फेडरेशनची मान्यता ऐच्छिक आहे: पहिल्या पायरीला 100 तास कोचिंगचा अनुभव, पुढे 500, मग 2500. एवढे तास भरले म्हणून नैराश्य ओळखता येतंच असं नाही. पत्रकात पाट्यांचे शब्द जसेच्या तसे ठेवा, खाली एकेक ओळ अर्थ द्या.

सात रस्ता : म्हणजे 'थेरपिस्ट' देवनागरीत लिहून मोकळं व्हायचं? मग मराठी कशाला म्हणायचं!

जुळे सोलापूर : 'उपचारक' लिहा की, पण त्या नावाची पाटी होटगी रोडला शोधून दाखवा. त्यापेक्षा हे छापा: उदासी किंवा कशातच रस नसणं दोन आठवड्यांवर गेलं तर कोच नको. आधी फॅमिली डॉक्टरकडून थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-12 तपासून घ्या. यांच्या बिघाडातही माणूस असाच गळून जातो. जीव द्यायचा विचार येत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, किंवा टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनला 14416 वर फोन करा, रात्रीही चालू असतो. कोचकडे जाताना किती बैठका, किती पैसे, मध्येच सोडल्यास परत किती, हे लेखी घ्या. आणि 'गोळ्या बंद करा, विचार बदला' म्हणाला की उठून या. नैराश्याच्या गोळ्या एकदम तोडल्या की चक्कर, चिडचिड, आणि आजारही उलटतो. त्या डॉक्टरच हळूहळू कमी करतात.

विजापूर वेस : हे सगळं घेतो. पण मथळ्यात काय लिहू?

पाच्छा पेठ : 'शुश्रूषा'. ग्रीक 'थेरापेइया'चा अर्थ सेवाच. आणि आपला शब्द 'श्रु' धातूचा: ऐकण्याची इच्छा. थेरपीचं याहून नेमकं नाव कुठल्या भाषेत आहे?

सात रस्ता : शुश्रूषा म्हटलं की सलाईन आणि बेडपॅन आठवतं. व्युत्पत्ती कितीही गोड असू दे, शब्दाला वास चिकटलेला असतो.

विजापूर वेस : पत्रक कन्नडमध्येही निघणार आहे. तिकडे काउन्सेलिंगला 'आप्तसमालोचन' म्हणतात. ते उचलावं का?

सात रस्ता : 'समालोचन' म्हणजे आपल्याकडे क्रिकेटचं! नैराश्यावर धावतं समालोचन?

पाच्छा पेठ : 'आलोचन' म्हणजे मुळात नीट बघणं, विचार करणं. हिंदीने त्याची टीका केली आणि आपण रेडिओवर नेऊन बसवलं. कन्नडने जपलं, त्यात त्यांचं काय चुकलं?

सात रस्ता : मग 'आप्त' कशाला? आप्तांपुढे बोलता येत नाही म्हणूनच तर माणूस परक्याकडे जातो.

पाच्छा पेठ : आप्त म्हणजे नातलग हा नंतरचा अर्थ. आप्तवचन, आप्तवाक्य बघा: ज्याच्या शब्दावर विसंबावं तो.