पेन्सिल पहिल्यांदाच हातात धरणाऱ्या बाईंना इंग्रजी कसं शिकवू?

शनिवारचा_वर्ग:
स्थलांतरित आणि निर्वासित प्रौढांच्या इंग्रजी वर्गात मी दर शनिवारी विनामोबदला शिकवते. अकरा जण आहेत. एकाच बाकावर सीरियाचे एक सिव्हिल इंजिनिअर आणि पन्नाशीच्या एक अफगाण बाई. बाई दरी भाषा बोलतात, पण शाळेची पायरी कधी चढलेल्या नाहीत.

पहिल्याच दिवशी मी सगळ्यांना फॉर्म दिला. नाव, पत्ता, जन्मतारीख. इंजिनिअरांची अडचण वेगळी, हात उजवीकडून डावीकडे लिहायला सरावलेला, पण त्यांनी निभावलं. बाईंनी पेन्सिल मुठीत धरली, इतकी दाबून की कागद फाटला. मग तो कागद नीट घडी घालून पिशवीत ठेवला आणि उरलेला तासभर मान वर केली नाही. पुढे चार शनिवार आल्या, आता दोन शनिवार नाहीत. मला फार लागलंय हे. कुठल्या तोंडाने फोन करू? आणि आल्याच, तर सुरुवात कुठून करू?

अक्षरओळख:
ताई, एबीसीडीपासून करू नका. आपल्याला बाराखडीची सवय, 'क' म्हटलं की नावही तेच आणि उच्चारही तोच. इंग्रजीत तसं नाही. 'एच' म्हणायचं आणि वाचायचं 'ह'. 'डब्ल्यू' म्हणायचं आणि वाचायचं 'व'. ज्यांनी कुठलीच लिपी पाहिलेली नाही त्यांच्यावर हे दुहेरी ओझं होतं.

आधी नुसतं बोलणं. उठा, बसा, दार उघडा, हे तुम्ही करून दाखवायचं आणि त्यांनी करायचं. मग त्यांनी स्वतः बोललेलं एखादं वाक्य मोठ्या अक्षरात तुम्ही लिहा आणि तेच त्यांना बोट ठेवून वाचायला द्या. अर्थ आधीच माहीत असतो, त्यामुळे भीती निम्मी होते. पेन्सिलीच्या सरावाला आडव्या-उभ्या रेघा पुरेत, आणि तोही वेगळ्या कोपऱ्यात, इंजिनिअरांच्या शेजारी नको.

कौन्सिल ऑफ युरोपने 2022 मध्ये अशाच प्रौढांसाठी एक मार्गदर्शिका काढली आहे. तिच्यात 'ए1' म्हणजे भाषेच्या अगदी सुरुवातीच्या पातळीच्याही खालच्या पायऱ्या मांडल्या आहेत. जरूर बघा.

दूरदेशी:
वरचं सगळं पटलं, पण बाई लाजेनेच येत नाहीत हे तुम्ही गृहीत धरताय. मी अशा वर्गांची नावनोंदणी बघायचे. गळती व्हायची ती बहुतेक कामाच्या पाळीमुळे, नाहीतर घरी लहान मूल सांभाळायला कोणी नाही म्हणून. कॅनडात 1992 पासून चालणाऱ्या सरकारी वर्गांत पुष्कळ ठिकाणी पाळणाघराची सोय असते, ती उगाच नाही. ऑस्ट्रेलियात तर पूर्वी 510 तासांची मर्यादा होती, ती 2021 मध्ये उठवली. शून्यातून अक्षरं शिकणाऱ्याला घड्याळ लावून कसं चालेल? आधी फोन करा, आणि दरी येणारं कोणीतरी सोबत घ्या.

नदीकाठ:
एकच सांगते. 'तुमच्या कुटुंबाबद्दल सांगा' हा धडा पहिल्या महिन्यात घेऊ नका. माझ्या वर्गात एक गृहस्थ मुलांची संख्या सांगताना तीन म्हणाले, मग दोन म्हणाले आणि उठून बाहेर गेले.

शनिवारचा_वर्ग:
नदीकाठ, तो धडा पुढच्याच आठवड्यात होता. काढून टाकला.

वर्गातल्याच एका दरी बोलणाऱ्या मुलीकडून फोन केला. दूरदेशींचं खरं निघालं: बाईंना साफसफाईच्या कामात रात्रपाळी लागली होती, शनिवारी सकाळी डोळा उघडत नव्हता. आता त्यांच्यासाठी दुपारी एक तास वेगळा ठेवलाय.

काल आल्या. पेन्सिल काढलीच नाही. त्या म्हणाल्या, "आय वर्क नाइट." मी ते जाड पेनाने लिहिलं, त्यांनी बोट फिरवत तीनदा वाचलं. मग पिशवीतून पाळीचा कागद काढला, बराच वेळ शोधत राहिल्या आणि 'नाइट' या शब्दावर बोट टेकवून माझ्याकडे बघितलं.