नाशिकमध्ये राहून विनोदी नट व्हायचंय. नोकरी सोडू का? इम्प्रोव्ह शिकू कुठे?

अंबड_सेकंडशिफ्ट
नमस्कार मंडळी. वय २६, अंबडला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. कॉलेजात तीन एकांकिका केल्या, तिन्हीत विनोदी कामं. गेल्या महिन्यात मुंबईत मित्रासोबत इम्प्रोव्हचा शो बघितला. संहिता नाही, काही नाही. प्रेक्षकांतून कुणीतरी 'पंक्चरचं दुकान' असं ओरडलं आणि चार पोरांनी त्यावर वीस मिनिटं काढली. तेव्हापासून डोक्यात तेच आहे. दोन लाख साठलेत. राजीनामा टाकून मुंबई गाठावी का? मराठीत इम्प्रोव्ह करतं का कोणी? घरी अजून बोललो नाहीये.

कॉलेजरोडकर
राजीनामा नको. बाकी जाणकार सांगतीलच.

उडी_मारा
मी उलट सांगतो. नाशकात बसून कोणी नट होत नाही. २६ म्हणजे आधीच उशीर झालाय.

तिसरी_घंटा
उशीर वगैरे काही नाही. विनोदी नटाला तर वय वाढलेलं बरंच, चेहऱ्यावर संसार दिसायला लागतो.

मी बावीस वर्षं इथे हौशी रंगभूमीवर आहे, पोटासाठी दुसरं काम करतो. माझं म्हणणं असं: आधी एक वर्ष इथेच हशा मोजायला शिका. कालिदास कलामंदिरात व्यावसायिक विनोदी नाटक लागलं की बाल्कनीचं स्वस्त तिकीट काढा आणि स्टेजकडे नाही, खालच्या डोक्यांकडे बघा. हशा आधी चढतो, मग उतरायला लागतो. मुरलेला नट तो उतरणीला लागला की पुढचं वाक्य टाकतो. पूर्ण थांबेपर्यंत थांबलात तर नाटक ढेपाळतं, चढतानाच बोललात तर तुमचंच वाक्य बुडतं. हे कुठल्या वर्कशॉपमध्ये नुसतं सांगून येत नाही.

दुसरं, दिवाळीनंतर हौशी राज्य नाट्य स्पर्धा असते. नाशिक केंद्रावर उतरणाऱ्या एखाद्या संस्थेच्या तालमीला जाऊन बसा. पहिल्या वर्षी प्रॉपर्टी, म्हणजे नाटकातलं सामान, सांभाळायला मिळाली तरी घ्या.

आता इम्प्रोव्हचं. आपल्याकडे ॲडिशन घ्यायची, म्हणजे संहितेत नसलेलं वाक्य प्रयोगात घुसडायची, जुनी खोड आहे. दादा कोंडके 'विच्छा माझी पुरी करा'त ताज्या घडामोडींवर तिथल्या तिथे कोट्या करायचे. तमाशातली बतावणी, म्हणजे विनोदी संवादांचा भाग, त्यावरच चालते, आणि कोकणातल्या दशावतारात तर संवाद लिहिलेलेच नसतात, कथानक ठरलं की झालं. पण ॲडिशन आणि इम्प्रोव्ह एक नव्हे. माझाच किस्सा सांगतो. साईखेडकर नाट्यगृहात प्रयोग होता, माझी एण्ट्री आणि सेटचं दार अडकलं. मी बाहेरून ढकलतोय, चौकट हलतेय, प्रेक्षक कुजबुजायला लागले. आत बायकोचं काम करणारी मुलगी भाजी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "आजपण चावी विसरलात ना? या मागच्या दारानं." हॉल कोसळला. मी मागून विंगेतून आलो, त्यावरही हशा. पुढच्या प्रयोगाला मी शहाणपणा करून दार मुद्दाम अडकवलं, तिनं तेच वाक्य तसंच घेतलं, आणि एक माणूस हसला नाही. पहिल्यांदा ती खरंच काय घडतंय ते ऐकत होती. दुसऱ्यांदा आम्ही दोघंही हशाची वाट बघत होतो.

हो_आणि
तिसरी घंटांशी सहमत. हजरजबाबी माणूस इम्प्रोव्हमध्ये बऱ्याचदा मार खातो, कारण समोरच्याचं वाक्य संपायच्या आत त्याचा पंच तयार असतो.

मी आणि काही मित्रमैत्रिणी दोन वर्षं रविवारी सकाळी गोदापार्कला जमतो. फी नाही, सर नाहीत. खेळ बहुतेक शिकागोचे, व्हायोला स्पोलिननं मुलांबरोबर काम करताना घडवलेले. तिच्याच मुलानं, पॉल सिल्सनं, १९५९ मध्ये सेकंड सिटी नावाचं तिथलं थिएटर इतरांबरोबर सुरू केलं. पण हे खेळ मराठीत आणले की गंमत होते. 'एकेक शब्दाची गोष्ट' घ्या: गोल उभं राहायचं, प्रत्येकानं एकच शब्द द्यायचा. मराठीत क्रियापद शेवटी, त्यामुळे वाक्य कुठे जाणार ते शेवटच्या माणसापर्यंत कुणालाच कळत नाही. शिवाय मधल्यानं 'म्हैस' म्हटलं की शेवटच्याला 'पळाला' म्हणता येत नाही, 'पळाली'च. म्हणजे झक मारत ऐकावं लागतं.

दुसरं म्हणजे नातं. इम्प्रोव्ह शिकवणारा कीथ जॉनस्टन 'स्टेटस'वर फार भर द्यायचा, म्हणजे प्रसंगात वरचढ कोण, दबलेला कोण. आपल्याला त्यासाठी एक शब्द पुरतो. साहेबाला मध्येच 'अरे तू' म्हणा, किंवा नवऱ्यानं बायकोला 'अहो' म्हणावं, प्रसंग तिथेच उलटतो. आमच्यात नवीन माणसाला पहिला नियम हाच: पहिल्या वाक्यात समोरच्याला हाक मारा. 'मामा, तुम्ही आणि दारूच्या दुकानात?' इतकं म्हटलं की नातं, जागा, भानगड सगळं आलं.

अंबड_सेकंडशिफ्ट
हे सगळं भारी आहे, पण पोट? नुसत्या रविवारच्या खेळांवर करिअर होतं का?

पंचवटी_पासवाला
नाही होत, आणि इम्प्रोव्हवर मुंबईतही फार थोड्यांचं घर चालतं. ते कौशल्य म्हणून धरा. पैसे मालिका, जाहिरात, स्किट, सूत्रसंचालन, कंपन्यांचे कार्यक्रम असे तुकड्यातुकड्यांत येतात. मालिकेचं मानधन साधारण नव्वद दिवसांनी हातात पडतं, हे कुणी आधी सांगत नाही. मी दीड लाख घेऊन गेलो होतो. डिपॉझिट, भाडं आणि ऑडिशनच्या रिक्षा यांत आठव्या महिन्यात खडखडाट. परत आलो आणि आता इथूनच करतो.

पहिली चाळणी आता बहुतेक मोबाईलवरच होते. फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीला, मागे साधी भिंत, उजेड समोरून. नाव, वय, उंची, शहर सांगायचं, दोन्ही बाजूंनी चेहरा दाखवायचा, मग सीन. फिल्टर नको. आणि विनोदी सीनमध्ये तोंडं वेंगाडू नका, कॅमेऱ्याला भुवई पुरते. प्रत्यक्ष बोलावलं तर सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडायची आणि संध्याकाळच्या पंचवटीनं परत. सेकंड शिफ्ट असेल तर त्या दिवशी रजा टाका.

एक गोष्ट लिहून ठेवा: ऑडिशनला पैसे द्यायचे नसतात. माझ्याकडून एकानं 'रजिस्ट्रेशन आणि पोर्टफोलिओ' म्हणून पाच हजार घेतले, फोटो काढले, नंतर फोन बंद. फोटोत माझे डोळे मिटलेले होते.

@उडी_मारा, मुंबईला जायचंच असतं, पण हातात दोन-तीन चांगल्या क्लिप आणि ओळखीतून मिळालेलं एखादं काम घेऊन. रिकाम्या हातानं गेलं की माणूस मिळेल ते करतो.

उडी_मारा
हे पटलं. मी स्वतः कधी गेलो नाही, तेही सांगून टाकतो.

अंबड_सेकंडशिफ्ट
मग राजीनामा वर्षभर ड्रॉवरमध्ये. आईला फक्त 'रविवारी फिरायला जातो' सांगणार. हो_आणि, किती वाजता जमता? शनिवारी माझी शिफ्ट रात्री साडेअकराला सुटते, सकाळी झोपेत असेन, चालेल का?

हो_आणि
साडेसातला. हो, आणि उशीपण आणा.