कोकणातल्या खाण्याच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायचीये, पण निम्मी ठिकाणंच बदललीयेत

सुरंगी
नमस्कार मंडळी. मी आणि माझ्या मावसबहिणीने २०१९ च्या मार्चमध्ये एक छोटंसं पुस्तक काढलं होतं, अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठे काय खावं याचं. स्वतःच्या पैशाने छापलं, ५०० प्रती, ओळखीपाळखीत आणि एकदोन प्रदर्शनांत संपल्या. आता लोक म्हणतात परत काढा. म्हणून दिवाळीनंतर जुनी प्रत पुढ्यात घेऊन एकेकाला फोन लावत बसले आणि डोकंच धरलं.

दिवेआगरला एक काकू होत्या, मागे पोफळीची वाडी, पुढच्या पडवीत चार पानं मांडायच्या. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात वाडी आडवी झाली, त्या मुलाकडे ठाण्याला गेल्या त्या गेल्याच. हायवेच्या चौपदरीकरणात दोन टपऱ्या आणि एक चांगलं हॉटेल गेलं. कशेडीचा बोगदा झाल्यापासून जुन्या घाटात कोण थांबतंय, तिथली आमची मिसळही गेल्यातच जमा. चिपळूणला २०२१ च्या जुलैतल्या पुरानंतर एकाने सगळं नव्याने उभं केलं, पण आता तिथे पनीर टिक्का मिळतो. आणि काही ठिकाणी नाव तेच, बोर्ड तोच, मालक वेगळा, हे तर फोनवर कळतच नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे एका वाचकाचा फोन. नाशिकहून म्हाताऱ्या आईवडलांना घेऊन गाडीने थेट आंजर्ल्याला गेले, आमचं पुस्तक वाचून, आणि दाराला कुलूप. माणूस ओरडला असता तर बरं वाटलं असतं, पण तो शांतपणे म्हणाला, ताई नवीन काढाल तेव्हा तेवढं बघा.

तर प्रश्न असा की परत छापावं का? छापेपर्यंतच जुनं होणार असेल तर काय अर्थ आहे? तुमच्यापैकी कोणी असलं काही केलंय का, माहिती ताजी कशी ठेवता?

एसटीने_फिरणारा
छापा हो. पण प्रत्येक ठिकाणाखाली तारीख टाका. "शेवटचं जेवलो : जानेवारी" आणि पुढे साल, बस. ज्याला चार वर्षांपूर्वीची तारीख दिसेल तो आधी फोन करेल, नाही केला तर त्याचं नशीब. मॅपवर विसंबू नका, तिथे बंद पडलेल्या खानावळी वर्षानुवर्षं चालू दिसतात आणि चालू असलेल्या दिसतच नाहीत कारण त्यांनी कधी टाकलंच नाही. मी सरळ स्टँडवर कंट्रोलरला नाहीतर रिक्षावाल्याला विचारतो. ड्रायव्हर-कंडक्टर स्वतःच्या पैशाने जेवतात ते ठिकाण सहसा चुकत नाही. (हॉल्टचं हॉटेल वेगळं बरं का, तिथे गाडी का थांबते ते सगळ्यांना माहितीये.)

दुसरं म्हणजे तुमच्या जुन्या पुस्तकात महिने होते का? माझ्याकडे प्रत नाही म्हणून विचारतोय. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, आणि लोक जुलैत मालवणला जाऊन ताजं पापलेट मागतात, मग ताटात काय येतं? बर्फातलं. त्यापेक्षा त्या दोन महिन्यांत खाडीची मासळी, सुकट-बांगडा, नाहीतर टाकळा, फोडशी, अळू खा म्हणावं. रायगडातली पोपटी थंडीत, शेवळं पावसाच्या तोंडावर, ओल्या काजूगराची उसळ उन्हाळ्यात. हॉटेल बंद पडेल, शेवळं तर दरवर्षी येणारच ना.

धोपावेकर
मी दुसऱ्या बाजूने लिहितो. आमची गुहागर तालुक्यात घरगुती खानावळ आहे, आई करते, मी वाढतो. आमचं नाव अशाच एका पुस्तकात आलं होतं (तुमच्या नाही). त्यात लिहिलेलं "दिवसभर केव्हाही जा". लोक सव्वातीनला दहा जणं घेऊन दारात, आई जरा आडवी झालेली असते, चूल विझलेली. नाही म्हटलं की खाली वाईट रिव्ह्यू. तेव्हा आमच्यासारख्यांचं लिहिताना एवढंच लिहा की सकाळी नऊच्या आत फोन करायचा आणि किती माणसं ते सांगायचं, त्या हिशोबाने मी बाजारातून मासे आणतो आणि आई वड्यांचं पीठ भिजवते. गौरीगणपतीत आम्ही बंद. श्रावणात शाकाहारी. हे पुस्तकवाले कधी विचारतच नाहीत.

माशाच्या ताटाचा भाव छापू नका, प्लीज. सुरमईचा दर आज एक उद्या एक. गिऱ्हाईक पान उघडून दाखवतं, इथे तर एवढेच लिहिलेत. मी काय करू.

आणि फोनवर "चालू आहे का" एवढंच विचारू नका. "स्वयंपाक आता कोण करतं" असं विचारा. आईचे गुडघे गेले, गेल्या वर्षापासून बायको करते निम्मं. चव बदललीये. वाईट नाही झाली, पण बदललीये, आणि आमचे जुने लोक पहिल्या घासाला ओळखतात.

गजालीवालो
माका वाटता बंद झाला म्हणान नाव काढू नकात. (पुढे सरळ मराठीत लिहितो, नायतर पुणेकरांका कळाचा नाय.) आमच्या तारकर्ली-देवबागकडे आधी घरातच पान वाढायचे, मग पर्यटक वाढले, स्कूबा आलं, ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला, आता त्याच घरांवर एसी रूम आणि खाली "अस्सल मालवणी थाळी", आणि बऱ्याच ठिकाणी चिकनला, मटणाला, कोलंबीला एकच वाटण. तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं मागितलं तर पोरगा आत जाऊन विचारून येतो. म्हणून म्हणतो, ज्या काकू गेल्या त्या पानावर ठेवा, खाली लिहा बंद. त्या काय करायच्या, कसं करायच्या ते तरी राहील.

एसटीने_फिरणारा
@गजालीवालो भावना कळली, पण आंजर्ल्याला कुलूप बघणाऱ्याला त्याचा काय उपयोग? बंद झालेल्यांचं वेगळं प्रकरण करा, शेवटी. नकाशाच्या पानावर नको.

खिळेजुळारी
छापखान्यात आयुष्य गेलं म्हणून बोलतो. तुम्ही एकाच पुस्तकात दोन पुस्तकं कोंबताय. पदार्थ, महिने, आठवडी बाजार, हर्णैचा लिलाव कसा चालतो, दाभोळहून फेरीबोटीने पलीकडे गेलं की चिपळूणचा वळसा कसा वाचतो, हे दहा वर्षं तरी टिकतं. ते नीट बांधून छापा. आणि ठिकाणं, फोन नंबर, वेळा हे सगळं एका मोठ्या घडीच्या कागदावर, दोन्ही बाजूंनी, मागच्या कव्हरला खिसा करून त्यात घाला. दरवर्षी तुळशीच्या लग्नानंतर नवा कागद काढायचा, ज्याच्याकडे पुस्तक आहे त्याने पोस्टाने मागवायचा नाहीतर क्यूआर कोडवरून उतरवून घ्यायचा. आणि एकदम ५०० छापू नका, आता डिजिटलवर शंभरही निघतात, प्रत थोडी महाग पडते पण घरात गठ्ठे पडून वाळवी लागत नाही.

सुरंगी
खिसा! हे सुचलंच नव्हतं.

काल धोपावेकरांचा प्रश्न घेऊन परत अकरा फोन केले. "चालू आहे का" ला सगळे नुसतं हो म्हणतात, पण "कोण करतं" विचारल्यावर लोक बोलायलाच लागतात. एकीने सांगितलं सून करते, माझ्यापेक्षा तिखट, पण आंबोळ्या माझ्याच. एकाकडे आता नेपाळी स्वयंपाकी आहे आणि त्याला घावन इतके पातळ जमतात की मालकीणच शिकतेय. आणि राजापूरकडच्या एका आजोबांनी विचारलं, तुम्ही पुस्तकवाल्या ना, मग आमच्याकडे जेवायला कधीच का नाही आलात. खरंय, ते नाव आम्ही ऐकीव टाकलं होतं. कागदावर आता दोन खुणा करणार, स्वतः जेवलेलं आणि ऐकलेलं.

भाव काढून टाकतेय. बंद झालेल्यांचं काय करायचं ते अजून ठरत नाहीये, बहीण गजालीवाल्यांच्या बाजूने आहे. दरम्यान जानेवारीत हर्णैला कोणी जाणारे का? बंदराजवळच्या तीन ठिकाणांचे फोन लागत नाहीयेत.

एसटीने_फिरणारा
मी २५ ला दापोलीत आहे. संध्याकाळच्या लिलावाला बंदरावर जाईन. नावं पाठवा, जेवूनच सांगतो.