मदत हवी आहे: कोपऱ्याची त्रिज्या किती ठेवावी?

नमस्कार मंडळी. जुन्या कारखान्यांच्या जागेवर होणाऱ्या वस्तीचा रस्ते-आराखडा करतेय. लेन ३ मीटरची, बसमार्गावर ३.३, तिथवर ठीक. घोडं अडलंय चौकातल्या कोपऱ्यांवर, म्हणजे वळणावर रस्त्याच्या कडेची गोलाई किती मोठी ठेवायची यावर. अग्निशमनाचा बंब वळावा म्हणून ९ मीटर त्रिज्या मागितलीय. पण तेवढी दिली की गाड्या वेग न कमी करता वळतात आणि पादचाऱ्याला जास्त अंतर ओलांडावं लागतं. सेकंदाला १.२ मीटर चाल धरली तर ३ मीटर जादा म्हणजे अडीच सेकंद. काठी टेकत जाणाऱ्या आजींचं तर विचारूच नका.

त्यामुळे त्रिज्या ४ मीटर ठेवून कोपऱ्यावर बंबाला चढता येईल असा खडबडीत दगडी पट्टा द्यावा म्हणतेय. कुणी प्रत्यक्षात केलंय का? ट्रकच्या चाकांखाली दगड उखडतात का? पाणी तुंबतं का?