मैद्याचं प्रीमिक्स टिकतं, कणकेचं नाही

केक-पॅनकेकचं कोरडं साहित्य आधीच मिसळून ठेवलेलं प्रीमिक्स, डब्याचं झाकण घट्ट असलं की सहा महिने बघायला नको, असं काहीजण म्हणतात. मैद्याच्या मिश्रणाबद्दल पटतं, कणकेच्या नाही. गिरणीतून दळून आणलेल्या पिठात गव्हाच्या अंकुरातलं तेलही येतं आणि ते उकाड्यात खवट होतं. मी हौसेने पॅनकेकसाठी कणीक, पिठीसाखर, दूध पावडर असं डबाभर मिसळून ठेवलं होतं. मे महिना सरेपर्यंत कडवट वास! सगळं टाकलं. आता कणकेचं तीन-चार वाट्यांचंच करते, तेही फ्रीजमध्ये.

बेकिंग पावडर तर मी आधी मिसळतच नाही. तिच्यात सोडा आणि कोरडं आम्ल शेजारी-शेजारी बसलेले असतात, पावसाळ्यात एखादा ओला चमचा गेला की त्यांचं काम बरणीतच उरकतं आणि केक बसतो. वेगळी ठेवली तर ऐनवेळी तपासता येते: अर्धा चमचा गरम पाण्यात टाकायची, जोरात फसफसली की ठीक. बरणीला चिठ्ठी लावलीय, 'एक कप पिठाला एक सपाट टीस्पून', नाहीतर नवरा अंदाजाने घालतो.