मागून उजेड येणाऱ्या पॅनेलवर बारीक अक्षरं: लेसरच्या मागे कशाला धावताय?

टोकदार:
दुधी अ‍ॅक्रिलिकची शीट, तिच्यावर उजेड न झिरपणारा काळा रंग आणि त्या रंगातून कोरून काढलेली अक्षरं. मागे एलईडी लावले की अक्षरं उजळतात, बाकीचं सगळं काळं राहतं. सिम्युलेटरसाठी कॉकपिट बांधणारे हेच करतात, ध्वनियंत्रांचे दर्शनी पॅनेल करणारेही हेच करतात. आणि अक्षराची उंची साडेतीन मिलिमीटरच्या खाली गेली की सगळ्यांचं रडगाणंही एकच असतं: एका कोपऱ्यात अक्षर जाड, दुसऱ्यात बारीक, तिसऱ्यात रंग धड निघालेलाच नाही. मग हमखास कुणीतरी सल्ला देतो, 'हे सीएनसीचं (संगणकाच्या आज्ञेवर बिट फिरवून कोरणाऱ्या यंत्राचं) काम नव्हे, लेसर घ्या.'

मला हा सल्ला पटत नाही. बहुतेक वेळा दोष यंत्राचा नसतो, सपाटीचा असतो. साधा हिशोब करा. व्ही-बिट (टोकाकडे निमुळती होत जाणारी कोरायची बिट) जितकी खोल जाते तितकी रेघ रुंद होते. ९० अंशांची बिट ०.१ मिमी जास्त खाली गेली तर रेघ ०.२ मिमीने फुगते. ६० अंशांची असेल तर साधारण ०.१२ मिमी, ३० अंशांची असेल तर जेमतेम ०.०५ मिमी. तुमची रेघच मुळात ०.३ मिमीची. म्हणजे ९० अंशांच्या बिटने, बेडच्या (ज्यावर शीट ठेवतो त्या पाटाच्या) एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ०.१ मिमीचा उतार असला, तरी अक्षराची जाडी दीडपटीहून जास्त बदलते. वर पुन्हा काळ्यावर उजळलेली रेघ डोळ्याला आहे त्यापेक्षा जाड दिसते, त्यामुळे दिवसा खपून जाणारा फरक दिवा लावला की उघडा पडतो.

उपाय स्वस्त आहेत, फक्त कंटाळवाणे आहेत. ३० अंशांची, टोकाला ०.२ मिमी सपाट असलेली बिट घ्या, ०.२ मिमी खोलीवर तिची रेघ बरोबर ०.३ च्या आसपास येते. बेडवरचा एमडीएफचा (दाबलेल्या लाकडी भुशाचा) पाट त्याच यंत्रावर, त्याच स्पिंडलने (बिट फिरवणाऱ्या मोटरने) फेसिंग करून, म्हणजे वरून तासून सपाट करून घ्या. शीट फोमच्या दुहेरी टेपने चिकटवू नका, तो टेप दबतो. शीटच्या पाठीवर आणि बेडवर मास्किंग टेप लावून मध्ये सुपरग्लू घाला, किंवा व्हॅक्यूम बेड वापरा. एवढं न करता 'सीएनसीला जमत नाही' म्हणू नये.

किरणशलाका:
टोकदार, हिशोब बरोबर आहे, निष्कर्ष उलटा आहे. तुम्हीच सिद्ध केलंत की व्ही-बिटने रेघेची रुंदी खोलीवर ठरते. लेसरमध्ये ते दुखणंच नाही. ५० मिमी फोकल लेंथच्या भिंगाला फोकसभोवती एक-दोन मिलिमीटर मोकळीक मिळते. शीट अर्धा मिमी वाकडी असली तरी रेघेत फारसा फरक पडत नाही. ज्या चुकीसाठी तुम्ही बेड फेस करा, टेप लावा, सुपरग्लू घाला म्हणताय, ती चूक माझ्याकडे संभवतच नाही. सगळी मेहनत करून तुम्ही जिथे पोचता, तिथून मी सुरुवात करतो.

आणि गाडीच्या डॅशबोर्डवरची बटणं बघा. रात्री उजळणारं ते पंख्याचं चिन्ह कुणी बिट लावून कोरत नाही. दुधी प्लास्टिकवर रंग आणि रंगावर लेसर. कारखान्यांनी हा वाद कधीच निकालात काढलाय.

टोकदार:
डॅशबोर्डचं उदाहरण देताना थोडं जपून. तिथला रंग त्या लेसरसाठी निवडलेला असतो, थराची जाडी नियंत्रित असते आणि लेसर असतो १ मायक्रॉनच्या आसपासच्या तरंगलांबीचा, जो रंगात शोषला जातो आणि खालच्या प्लास्टिकला फारसा लागत नाही. घरी किंवा लहान वर्कशॉपमध्ये असतो सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेसर, १०.६ मायक्रॉनचा. तो अ‍ॅक्रिलिकमध्ये झकास शोषला जातो, म्हणून तर त्याने अ‍ॅक्रिलिक कापता येतं. रंग उडवता उडवता तो खालची दुधी शीटही खातो. कडेला रंग जळून तपकिरी किनार राहते. दिवसा ती दिसत नाही, मागून उजेड पडला की अक्षराभोवती चहाचा डाग पडल्यासारखी दिसते. स्प्रे कॅनमधला रंग आणि सीओटू, ही जोडी बारीक अक्षराला घातक आहे. यावर माझं मत बदलणार नाही.

किरणशलाका:
४५० नॅनोमीटरचा डायोड लेसर विसरलात. काळा रंग तो गिळतो, पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकला जवळपास हात लावत नाही. तुमचा आक्षेप सीओटूवर आहे, लेसरवर नाही. किनारीचं म्हणाल तर कमी पॉवर, दोन पास आणि हवेचा झोत. शिल्लक काजळी साबणाच्या पाण्याने निघते.

काजळमाया:
दोघांच्या भांडणात एक जोडते. काजळी काढायला स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरू नका. अ‍ॅक्रिलिकमध्ये कापताना किंवा तापताना ताण अडकलेला असतो, तिथे अल्कोहोल लागलं की कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. आणि या पॅनेलमध्ये मागून उजेड आहे, म्हणजे प्रत्येक भेग चमकणार. हे लेसरवाल्यांना जितकं लागू, तितकंच बिटवाल्यांनाही. साबणाचं पाणी ठीक आहे.

वेलांटी:
बिट की लेसर, यावर बोलताय खरं, पण अक्षरांकडे कुणी बघतंय का? साधा फॉन्ट दिला की सॉफ्टवेअर अक्षराच्या दोन्ही कडा काढतं आणि आतला भाग भरतं. तीन मिमीच्या अक्षरात ०.२ च्या टोकाने भरायचं काय? नको तिथे बिट दोनदा फिरते आणि कोपरे फाटतात. बारीक अक्षराला एकरेघी फॉन्टच हवा, बिट एकदाच जाते आणि तिची रुंदी म्हणजेच अक्षराची जाडी. जुन्या पँटोग्राफ यंत्रांवर पितळेच्या मोठ्या साच्यावरून दांडी फिरवून अक्षर लहान करून कोरायचे, तिथेही हेच होतं. म्हणून त्या अक्षरांची टोकं गोल आणि जाडी सगळीकडे सारखी. आज संगणकावर मिळणारे बरेच एकरेघी फॉन्ट १९६७ मध्ये अ‍ॅलन हर्शी यांनी अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत केलेल्या अक्षरांवरून आले आहेत. त्यात रोमन आहे, ग्रीक आहे, सिरिलिक आहे, देवनागरी नाही. आपल्याला ती स्वतः काढावी लागते.

आणि काढायला घेतलीत तर दोन गोष्टी कळतील. पहिली, बंद घरातला रंग. 'ब'च्या पोटातली तिरकी रेघ कोरली की दोन चिमुकली काळी बेटं उरतात. ती ०.३ मिमीच्या खाली गेली की रंग धरून राहत नाही, टुपकन उडतो आणि 'ब'च्या जागी पांढरा ठिपका उरतो. म्हणून पोट मुद्दाम मोठं काढायचं, अक्षर थोडं बेढब दिसलं तरी चालेल. दुसरी, अनुस्वार. बिट नुसती खाली टोचून काढलेला ठिपका खोलीप्रमाणे लहानमोठा होतो. छोटं वर्तुळ फिरवून काढा.

हो, आणि टोकदारांच्या बाजूने एक: बेडचा उतार बघायला शिरोरेषेइतकं चांगलं साधन नाही. लांब शब्दाची शिरोरेषा डावीकडून उजवीकडे जाड होत गेली तर समजा, शीट कलती आहे.

टोकदार:
शिरोरेषेची युक्ती आवडली. पुढच्या पॅनेलच्या टाकाऊ कडेवर आधी एक नुसती आडवी रेघ मारून बघणार.

छापील:
मला या सगळ्या प्रपंचाचीच गंमत वाटते. पारदर्शक फिल्मवर अक्षरं कोरी सोडून बाकी सगळं गडद काळं छापा, मागे दुधी शीट ठेवा, झालं. दीड मिलिमीटरचं अक्षरही स्वच्छ येतं, अनुस्वारही गोल येतो. कोरण्याची हौस आहे म्हणा, पण गरज आहे असं म्हणू नका.

टोकदार:
छापील, ज्या पॅनेलला हात लागत नाही तिथे तुमचं बरोबर. पण जिथे रोज बोटं लागतात, नॉब फिरतात, तिथे फिल्मच्या कडा सुटतात, भोकाभोवती उचलतात. आणि दिवसाही फरक दिसतो: कोरलेल्या अक्षरात खालचा पांढरा समोरच असतो, दिवा बंद असला तरी अक्षर वाचता येतं. फिल्मच्या मागे दुधी शीट एक थर आत असते, तिरकं बघितलं की अक्षर सरकल्यासारखं दिसतं.

छापील:
चिकटवताना मध्ये हवा राहिली नाही तर सरकत नाही. कडांचं मान्य.

सपाट्या:
एका मुद्द्यावर मात्र धागा सुरू करणाऱ्या टोकदारांशी वाद घालायचा आहे. बेड आरशासारखा केलात, पण शीट? तुम्ही बेडची सपाटी मोजता, बिट कापते शीटच्या वरच्या पृष्ठभागावर. ओतीव (साच्यात ओतून केलेल्या) अ‍ॅक्रिलिकची जाडी एकाच शीटमध्ये कमी-जास्त असते. ३ मिमीच्या शीटला अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक मानकांतही चालतो. एक्सट्रूडेड (फटीतून दाबून काढलेली) शीट जाडीला खूप एकसारखी. पण तीच कापताना चिकट होते, वितळून बिटला लागते. ओतीवचा भुगा कोरडा पडतो. म्हणजे सपाटी हवी तर एक्सट्रूडेड, स्वच्छ काप हवा तर ओतीव, आणि तुम्हाला एकाच वेळी दोन्ही हवंय. तुमचं 'बेड फेस करा' इथे अर्धंच उत्तर आहे.

पृष्ठभाग ठिकठिकाणी मोजून सॉफ्टवेअरला नकाशा द्या, असं म्हणाल. पीसीबीवाले (इलेक्ट्रॉनिक सर्किटचे बोर्ड कोरणारे) करतात तसं. पण तिथे बिट तांब्याला टेकली की विजेचं वर्तुळ पूर्ण होतं. अ‍ॅक्रिलिकमधून वीज जात नाही. मग टेकून कळणारा वेगळा यांत्रिक प्रोब हवा, आणि तो टेकल्यावर रंगावर ठिपका उमटता कामा नये.

टोकदार:
मान्य. ओतीव शीट वापरली तर नुसता बेड पुरत नाही. मी म्हणूनच तरंगतं स्पिंडल सुचवीन: स्पिंडल स्प्रिंगवर झुलतं आणि बिटभोवतीचं गुळगुळीत नाक शीटवर टेकून चालतं. नाकाखाली बिट किती बाहेर आहे, तेवढीच खोली. शीट जाड असो, पातळ असो, खोली बदलत नाही. नाक प्लास्टिकचं घ्या आणि भुगा सतत ओढत राहा. नाकाखाली एक कण अडकला की रंगावर ओरखडा, आणि त्यातूनही उजेड येतो.

किरणशलाका:
बेड फेस, सुपरग्लू, तरंगतं स्पिंडल, प्लास्टिकचं नाक, भुगा ओढणारा पंप. एवढ्यात माझी पॅनेलं डब्यात भरून झाली.

टोकदार:
आणि लेसरच्या धुराचा नळ कुठे सोडलात, तेही सांगा.

काजळमाया:
दोघांनाही एक विचारते, रंग किती वाळवता? रंग कच्चा असला तर बिटसमोर त्याची वळी होते आणि कड उचलली जाते. टोकाजवळ कापण्याचा वेगही फार कमी असतो: ०.२ मिमी व्यासाला २४,००० फेऱ्यांवर मिनिटाला साधारण १५ मीटर, आणि अगदी मध्यावर तर शून्य. तिथे बिट कापत नाही, घासते. मऊ रंग असा घासला की कड फाटणारच. आणि कोलेट (बिट पकडून ठेवणारा भाग) स्वस्त असलं, बिट ०.०२ मिमी जरी डुगडुगली, तरी रेघ तितकी रुंद होते. निम्म्या तक्रारी इथेच संपतील.

रंगाच्या थरांबद्दलही बोला. काळा थेट दुधी शीटवर मारला तर आतला उजेड तो खाऊन टाकतो आणि एलईडीपासून दूरची अक्षरं मंद दिसतात. आधी पांढऱ्याचा एक थर, त्यावर काळा. पांढरा थर उजेड पुन्हा शीटमध्ये परतवतो.

सपाट्या:
पांढऱ्याचा थर म्हणजे अजून खोल कोरायचं, म्हणजे रेघ अजून रुंद. टोकदार, तुमच्या ०.२ मध्ये हे सगळे थर बसतात का?

टोकदार:
पातळ मारले तर बसतात. एकूण जाडी ०.१ च्या वर जाऊ देत नाही, उरलेला ०.१ शीटमध्ये.

किरणशलाका:
माझं इतकंच. एखाददुसरं पॅनेल असेल तर बिटने करा, मला काही म्हणायचं नाही. कोरलेल्या रेघेला बोट लावून जी धार जाणवते ती लेसरला नाही, हे मी मान्य करतो. वीस सारखी पॅनेलं हवी असतील तेव्हा मात्र मला विचारा. वेलांटी, तुम्ही काढलेला एकरेघी देवनागरी कुठे मिळेल? डायोडला भरण्यापेक्षा एकच रेघ मारायला मलाही आवडेल.

वेलांटी:
अजून जोडाक्षरं अर्धवट आहेत. 'क्ष' आणि 'ष्ट' तीन मिमीत बसवताना घाम फुटतोय. झाले की इथेच चढवते.