मदत हवी आहे: सर्व्हर सिंगापूरहून मुंबईला हलवायचा का? (सोमवारी बोर्ड मीटिंग)

अडकित्ता
नमस्कार मंडळी. वेळ कमी आहे, थेट विचारतो. आमच्या ॲपचा सगळा डेटा सिंगापूरच्या क्लाउडवर आहे. नव्या डेटा कायद्यामुळे तो भारतात आणावाच लागणार, असा एका संचालकांचा हेका आहे. खर्च बराच आहे आणि त्याच पैशातून कर्नाटकात उतरायचं ठरलं होतं. दोन्ही जमणार नाही. एमडी म्हणतात, एका पानात लिहून दे, हो की नाही. वकिलांनी ढीगभर पानं पाठवलीत, त्यात हो पण नाही आणि नाही पण नाही. कृपया कायद्याचा इतिहास नको. हलवायचा की नाही, एवढंच सांगा.

निवांत_नाना
हलवा. डोळे झाकून हलवा. २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने पेमेंटचा डेटा भारतातच ठेवा म्हटलं, तेव्हा सगळे हसत होते. तो नियम न पाळल्याने २०२१ च्या जुलैत मास्टरकार्डला नवे ग्राहक घ्यायला बंदी आली, ती उठायला जवळपास वर्ष गेलं. एवढ्या मोठ्या कंपनीची ती गत, तुमची काय कथा.

खडूस_ऑडिटर
नाना, तो नियम पेमेंट सिस्टिमचा. यांचं ॲप पेमेंटचं आहे असं कुठे लिहिलंय? डीपीडीपी कायद्यात, म्हणजे वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या त्या नव्या कायद्यात, कलम १६ बघा. केंद्र सरकार ज्या देशांवर निर्बंध घालेल ते सोडून बाकी ठिकाणी डेटा नेता येतो. सरसकट 'भारतातच ठेवा' असं त्यात नाही. सरकारने 'महत्त्वाचे' म्हणून ठरवलेल्या मोठ्या कंपन्यांवर काही डेटापुरतं तसं बंधन येऊ शकतं, तो भाग वेगळा.
अडकित्ता, ॲप कसलं आहे? वापरणारे कोण? किती?

अडकित्ता
शिक्षणाचं ॲप आहे. मराठी आणि सेमी. काही लाख वापरकर्ते. पण त्याचा सर्व्हरशी काय संबंध?

म्युनिकचा_मावळा
संबंध आहे हो. इकडे २५ मे २०१८ ला जीडीपीआर, म्हणजे युरोपचा डेटा कायदा, लागू झाला तेव्हा आमच्या ऑफिसात असंच झालं. महिनोन् महिने सर्व्हर कुठे यावर खल. मग लक्षात आलं की मुळात एवढा डेटा गोळाच का करतोय, हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. शेवटी एक अख्खं प्रॉडक्ट गुंडाळलं. तो निर्णय आयटीचा नव्हता, वरच्या मजल्यावरचा होता. डेटा बाहेर नेल्याबद्दलही दंड होतात, नाही असं नाही. मेटाला २०२३ मध्ये आयर्लंडच्या नियामकाने १२० कोटी युरो लावले, ते युरोपातला डेटा अमेरिकेत नेल्याबद्दलच. पण तुम्ही युरोपात नाही.
वापरकर्ते कोणत्या इयत्तेतले?

अडकित्ता
आठवी ते बारावी. परत विचारतो, सर्व्हर हलवायचा का?

खडूस_ऑडिटर
घ्या! हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं.
या कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालक. कलम ९ वाचा. पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. ट्रॅकिंग, वागणुकीवर पाळत आणि मुलांना नेम धरून केलेली जाहिरात, तिन्ही बंद. आणि ही बंदी पालकांनी हो म्हटलं म्हणून उठत नाही. दंड २०० कोटींपर्यंत.
आता सांगा, तुमचं उत्पन्न कशातून?

चहाटळ
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

अडकित्ता
ॲप फुकट आहे. थोडं सबस्क्रिप्शन, बाकी क्लासवाल्यांना लीड्स. म्हणजे मुलाचं नाव, पालकांचा नंबर, सराव परीक्षेत कोणता विषय कच्चा निघाला ते. निम्म्याच्या आसपास उत्पन्न त्यातूनच येतं. सगळेच करतात. वापराच्या अटींवर पालक टिक करतात.

सुगरण_खोपा
टिक करतात म्हणे! मुलगी नववीत असताना असल्याच एका ॲपवर माझा नंबर दिला होता. घटक चाचणीत गणित घसरलं आणि चार दिवसांत क्लासवाल्यांचे फोन सुरू. "मॅडम, तुमच्या मुलीचं गणित कच्चं आहे." हे तुम्हाला कुणी सांगितलं, असं विचारलं की फोन कट. अडकित्ता भाऊ, तुमच्या बोर्डात कुणाला शाळकरी मुलं नाहीत का?

निवांत_नाना
ताई, भावनेच्या भरात धंदा होत नाही. आणि घाई कशाला? नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. डेटा संरक्षण मंडळाची कलमं लगेच लागू, संमती व्यवस्थापकांची (लोकांच्या वतीने संमती देणं-काढणं सांभाळणारे मध्यस्थ) वर्षाने आणि मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७. तोवर लीड्स विका, पैसे कमवा. शिवाय स्टार्टअपला सूट आहेच.

खडूस_ऑडिटर
नाना, अर्धवट वाचून छातीठोक सांगू नका. स्टार्टअपना सूट द्यायचा अधिकार सरकारला कलम १७ मध्ये आहे, पण कोणत्या कलमांतून ती यादीही तिथेच दिली आहे. त्यात ९ नाही.
आणि मे २०२७ लांब वाटतोय तो फक्त कायद्याच्या हिशोबात. बोर्ड सोमवारी पैसे घालणार ते पुढच्या तीन-चार वर्षांच्या उत्पन्नाच्या भरवशावर. त्या उत्पन्नाचा निम्मा पाया मध्येच निघणार असेल, तर ते आज सांगायला नको? गुंतवणूकदार आहेत का कुणी?

अडकित्ता
एक सिंगापूरचे आहेत, बोलणी चालू आहेत. त्यांनी डेटाबद्दल प्रश्नावली पाठवली आहे, ती माझ्याकडेच पडून आहे.

कोर्टाची_पायरी
मी वकील आहे, पण हा सल्ला समजू नका. ऑडिटर साहेबांनी एक सोडलं. नियमांच्या चौथ्या परिशिष्टात शैक्षणिक संस्थांना ट्रॅकिंगची मुभा आहे. शिकवणाऱ्या ॲपलाही ती लागू होते, असं म्हणायला जागा आहे.

खडूस_ऑडिटर
जागा आहे, मान्य. पण ती मुभा संस्थेच्या शैक्षणिक कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षेपुरती. मुलाचा कच्चा विषय शोधून त्यालाच पुढचा धडा देणं त्यात कदाचित बसेल. तोच कच्चा विषय तिसऱ्याला विकणं हे शैक्षणिक काम कसं?

कोर्टाची_पायरी
विकण्याचं समर्थन मी केलंच नाही. ॲपमधली शिकण्याची मोजणी सरसकट बंद करू नका, एवढंच म्हणतोय. नाहीतर घाबरून प्रॉडक्टच मारून टाकाल.

म्युनिकचा_मावळा
+१. टिकटॉकला २०२३ मध्ये मुलांच्या डेटावरून ३४.५ कोटी युरोंचा दंड झाला. त्याचं एक कारण मुलांची खाती मुळातच सगळ्यांना दिसतील अशी ठेवली होती, हे होतं. म्हणजे प्रॉडक्ट बनवताना कुणीतरी घेतलेला निर्णय.
तुम्ही खातं मुलाच्या नावाने न काढता पालकाच्या नावाने काढा, मूल त्याखाली. संमतीचा प्रश्नही तिथेच सुटतो. नोंदण्या घटतील, पण सबस्क्रिप्शन विकायला समोर पैसे देणारा माणूस येईल.

देशस्थ_इन_दुबई
या कायद्याने माहिती अधिकाराची वाट लावली, त्यावर कुणी बोलत नाही. माहिती अधिकार कायद्यात वैयक्तिक माहिती नाकारता येते ते कलम ८(१)(ञ), त्यातली सार्वजनिक हिताची अट काढून टाकली.

कोर्टाची_पायरी
काढली, पण ८(२) अजून आहे. त्यात सार्वजनिक हित मोठं ठरलं तर माहिती देता येते.

देशस्थ_इन_दुबई
प्रत्यक्षात देणार कोण? माहिती अधिकारी 'वैयक्तिक' म्हणून हात वर करणार.

संपादक मंडळ
माहिती अधिकारासाठी वेगळा धागा काढावा. इथले पुढचे अवांतर प्रतिसाद उडवले जातील.

अडकित्ता
मी विचारलं एक, उत्तरं भलतीच. असो. पानावर हे लिहिलंय: सिंगापुरात राहायला आज कायद्याची आडकाठी नाही, सर्व्हर हलवू नये. लीड्समध्ये मुलांचे निकाल देणं बंद करावं. खातं पालकाच्या नावे करावं, त्यासाठी खर्च मंजूर व्हावा. बरोबर?

खडूस_ऑडिटर
बरोबर, पण अपुरं. निकाल काढले तरी नाव आणि नंबर उरतोच. तोही मुलाच्या खात्यातून आलेला, तेव्हा पालकांना आधी स्पष्ट विचारल्याशिवाय देऊ नका. अटींवरची टिक म्हणजे ती संमती नव्हे. क्लाउडवाल्याशी करार आहे का तेही बघा. तिथून डेटा फुटला तरी कायद्यापुढे तुम्हीच उभे राहणार. सुरक्षेत ढिलाई निघाली तर २५० कोटींपर्यंत, आणि फुटल्याचं डेटा संरक्षण मंडळाला व लोकांना कळवलं नाही तर आणखी २०० पर्यंत. आणि ती प्रश्नावली बोर्डासमोर ठेवा, खिशात नको.

अडकित्ता
एमडींशी बोललो. म्हणाले, लीड्सचा मुद्दा पानावर नको, आधी मला येऊन भेट. पण मग कर्नाटकाचं काय? तिथलं सगळं गणित लीड्सवरच मांडलंय.

खडूस_ऑडिटर
मग लीड्सच्या जागी शून्य टाकून तो तक्ता परत करा आणि तोच घेऊन भेटा. तरी जमत असेल तर जा कर्नाटकात.

कोर्टाची_पायरी
आणि पानावरून मुद्दा काढला तरी तुम्ही तो लेखी कळवल्याची ईमेल स्वतःजवळ राहू द्या. संमतीची सूचना कन्नडमध्ये वाचायचा पर्यायही द्यावा लागेल. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांचा.

निवांत_नाना
मी अजूनही म्हणतो मुंबईला आणा. व्हिडिओ पटकन उघडतात.